डायच्या दाबापासून प्रेशर ट्रान्सड्यूसर कसा वाचवावा: कॅथलॅब आणि आयसीयूसाठी सविस्तर मार्गदर्शन

अँजिओग्राफीत एकाच कॅथेटरकडून (रक्तवाहिनीत घातलेल्या बारीक नळीकडून) दोन परस्परविरोधी कामे करून घ्यावी लागतात. महाधमनीतला दाब अचूक मोजायचा असतो, आणि हा दाब बहुतेक रुग्णांत २०० मिमी पाऱ्याच्या पुढे जात नाही. त्याच कॅथेटरमधून दाट डायही (एक्स-रेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून देतात तो द्रव) ढकलायचा असतो, आणि त्यासाठी पॉवर इंजेक्टर १,२०० पीएसआयपर्यंत, म्हणजे सुमारे ६२,००० मिमी पारा इतका जोर लावू शकतो. मोजणारा सेन्सर, म्हणजेच प्रेशर ट्रान्सड्यूसर, आणि ढकलणारा इंजेक्टर एकाच द्रवाने जोडलेले असल्यामुळे मधली वाट योग्य क्षणी बंद झाली नाही, तर हा सगळा दाब सेन्सरच्या पडद्यावर येतो. ही वाट बंद करण्याचे काम केवळ कोणाच्या लक्षात राहण्यावर सोपवू नये, ते शक्य तितके जोडणीतच बांधून टाकावे, हे या लेखाचे मुख्य म्हणणे आहे. कॅथलॅबमधले टेक्निशियन, आयसीयूतल्या परिचारिका आणि रुग्णालयांतले बायोमेडिकल इंजिनिअर यांना रोज उपयोगी पडेल, अशा क्रमाने पुढील माहिती दिली आहे.

सेन्सरच्या आत काय असते

आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या डिस्पोजेबल ट्रान्सड्यूसरमध्ये सिलिकॉनची एक लहानशी चिप असते. तिचा मधला भाग कोरून अतिशय पातळ पडद्यासारखा केलेला असतो आणि त्यावर चार रोधांचा व्हीट्स्टन ब्रिज (रोधातला सूक्ष्म बदल पकडणारी जोडणी) कोरलेला असतो. लाइनमधल्या सलाइनचा दाब जेलच्या थरातून या पडद्यावर पोहोचतो, पडदा किंचित वाकतो, रोध बदलतात आणि ब्रिजच्या टोकांशी सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. तो किती सूक्ष्म असतो, हे एका आकड्यावरून कळेल. या सेन्सरची ठरलेली संवेदनशीलता दर व्होल्टला आणि दर मिमी पाऱ्याला ५ मायक्रोव्होल्ट असते. म्हणजे मॉनिटरने ५ व्होल्ट दिले आणि दाब १०० मिमी पारा असला, तर हाती येतात फक्त २.५ मिलिव्होल्ट. पडद्याला आलेला थोडासा कायमचा ताण किंवा जेलच्या थरात पडलेली बारीक फट एवढेही मोजमाप बिघडवायला पुरते.

जास्त दाब आल्यावर सेन्सर तीनपैकी एका प्रकारे बिघडतो. चिप तडकते आणि मॉनिटरवर सरळ रेषा किंवा अशक्य आकडा दिसतो. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा, कारण तो लपत नाही. काही वेळा प्लास्टिकचे आवरण किंवा सांधा चिरतो. मग तिथून रक्त बाहेर येऊ शकते किंवा हवा आत शिरू शकते, आणि हा रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. तिसऱ्या प्रकारात सेन्सर चालू राहतो, दाबाची लहर सुरेख दिसते, झिरोही होतो (हवेच्या दाबाला शून्य धरून जुळवता येतो), पण आकडा हळूहळू सरकत राहतो. व्यवहारात सर्वांत घातक हाच प्रकार. एफएफआर तपासणीचे, म्हणजे हृदयाच्या धमनीतल्या अडथळ्यापलीकडचा दाब आणि महाधमनीतला दाब यांचे गुणोत्तर काढण्याचे, उदाहरण घेऊ. महाधमनीतला सरासरी दाब १०० आणि अडथळ्यापलीकडचा ७८ असेल, तर गुणोत्तर ०.७८ येते आणि ०.८० या सीमेच्या आत असल्यामुळे स्टेंटचा विचार होतो. महाधमनीचा सेन्सर दरम्यान केवळ ४ मिमी खाली सरकला, तर गुणोत्तर ०.८१ दिसते आणि निर्णय उलटतो. मॉनिटरवर मात्र काहीही चुकल्याची खूण नसते.

पायरी १: आपल्या सेन्सरची सहनशक्ती वाचून ठेवा

प्रत्येक संचासोबतच्या माहितीपत्रकात दोन वेगळे आकडे असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. मोजण्याची कक्षा म्हणजे ज्या दाबापर्यंत आकडा विश्वासार्ह असतो ती मर्यादा. ती साधारण −५० ते +३०० मिमी पारा असते. सहन करण्याची कक्षा म्हणजे ज्या दाबाने सेन्सर कायमचा बिघडत नाही ती मर्यादा. अमेरिकेतील एएएमआय संस्थेच्या बीपी२२ या मानकात ती −४०० ते +४,००० मिमी पारा अशी आहे, आणि काही उत्पादक याहून थोडी जास्त देतात.

आता ४,००० मिमी पारा म्हणजे किती? सुमारे ७७ पीएसआय, किंवा ५.३ अ‍ॅटमॉस्फिअर. इंजेक्टरच्या पडद्यावर पीएसआय, बलून फुगवण्याच्या इन्फ्लेशन डिव्हाइसवर अ‍ॅटमॉस्फिअर आणि मॉनिटरवर मिमी पारा, अशी तीन एकके एकाच टेबलाभोवती वावरत असल्यामुळे धोका नजरेत भरत नाही. एक पीएसआय म्हणजे ५१.७ मिमी पारा आणि एक अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे ७६० मिमी पारा, एवढे दोन आकडे कन्सोलजवळ लिहून लावले तरी पुष्कळ झाले. चौदा अ‍ॅटमॉस्फिअरला फुगवलेले इन्फ्लेशन डिव्हाइस चुकून मॅनिफोल्डच्या (अनेक तोंडांच्या जोडपट्टीच्या) मोकळ्या तोंडाला जोडले गेले, तर सेन्सरवर १०,००० मिमी पाऱ्याहून अधिक दाब येतो.

खालची मर्यादाही तितकीच खरी आहे, पण तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. कॅथेटरचे टोक धमनीच्या भिंतीला चिकटलेले असताना किंवा लाइन गुठळीने बंद झालेली असताना सिरिंजचा दट्ट्या जोराने मागे ओढला, तर −४०० च्या पलीकडची पोकळी सहज तयार होते. रक्त ओढतानाही ट्रान्सड्यूसर बंद का करायचा, याचे उत्तर इथे आहे.

पायरी २: धोका नेमका कुठून येतो ते ओळखा

प्रेशर बॅगची (सलाइनच्या पिशवीला दाबून धरणाऱ्या फुगवट्याची) भीती बाळगण्याचे कारण नाही. ती ३०० मिमी पाऱ्यापर्यंत फुगवतात, त्यातून फ्लश उपकरणामार्फत तासाला सुमारे ३ मिली सलाइन जात राहते, आणि फास्ट फ्लशची (सलाइन एकदम जोरात सोडण्याची) चिमटी ओढली तरी सेन्सरवर येणारा दाब त्या ३०० च्या पुढे जात नाही. खरा धोका इंजेक्टर, इन्फ्लेशन डिव्हाइस आणि हातातली सिरिंज या तिघांकडून असतो.

यांतली सिरिंज सर्वांत फसवी, कारण ती निरुपद्रवी वाटते. दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ. अंगठ्याने सुमारे ६ किलोचा जोर लावला आणि पुढची वाट बंद असली, तर १० मिलीच्या सिरिंजमध्ये (आतला व्यास सुमारे १४.५ मिमी) साधारण २,७०० मिमी पारा दाब तयार होतो, म्हणजे सेन्सर वाचतो. तोच जोर २ मिलीच्या सिरिंजवर लावला (व्यास सुमारे ९ मिमी) तर दाब ७,००० च्या घरात जातो. १ मिलीच्या सिरिंजमध्ये (व्यास सुमारे ४.७ मिमी) तो सुमारे २५,००० मिमी पारा होतो. सिरिंज जितकी लहान तितका तिचा दाब मोठा, हे गणित नवजात शिशू विभागात विशेष लक्षात ठेवावे लागते, कारण तिथे लहान सिरिंजच हाताशी असतात. लाइन अडल्याचा संशय आला की लहान सिरिंज घेऊन ती मोकळी करण्याचा मोह होतो, आणि सेन्सर व रुग्ण या दोघांच्याही दृष्टीने तो टाळायचा असतो.

पायरी ३: लांब, बारीक नळी सेन्सरला वाचवत नाही

हा गैरसमज अनुभवी लोकांतही आढळतो. ट्रान्सड्यूसर खांबावर, लांब लाइनच्या टोकाला आहे, मग इंजेक्शनचा दाब तिथे पोहोचेपर्यंत कमी होत असणार, असे वाटते. द्रव वाहत असेल तर बारीक नळीत दाब उतरतो, हे बरोबरच आहे. पण सेन्सरकडे जाणारी फांदी पुढे बंद असते. तिच्यातून द्रव वाहत नाही, त्यामुळे उतारही पडत नाही. पास्कलच्या नियमानुसार जोडणीच्या ठिकाणी जो दाब आहे तोच काही मिलिसेकंदांत सेन्सरवर उभा राहतो. वाटेत बारीक छिद्राची चकती बसवली तरी दाब पोहोचायला थोडा उशीर होतो इतकेच, आणि त्या बदल्यात रुग्णाची लहर मंदावते. एकदिशा व्हॉल्व्हही कामाचा नाही, कारण धमनीची लहर चढते तशी उतरतेही, आणि सेन्सरला दोन्ही दिशा मोकळ्या लागतात. थोडक्यात, इंजेक्शनच्या काळात सेन्सर द्रवमार्गातून पूर्णपणे तोडणे, याला पर्याय नाही.

पायरी ४: जोडणी करताना दोन इलाके वेगळे करा

संच उघडल्यावर मनातल्या मनात एक रेघ आखावी. इंजेक्टर किंवा कंट्रोल सिरिंज, कॅथेटर आणि त्यांना जोडणारी लाइन हा उच्च दाबाचा इलाका. प्रेशर बॅग, सलाइनची लाइन आणि ट्रान्सड्यूसर हा कमी दाबाचा इलाका. या दोहोंना जोडणारे ठिकाण एकच असावे आणि ते हाताच्या टप्प्यात व डोळ्यांसमोर असावे. मोकळी तोंडे जितकी कमी, तितकी चूक होण्याची जागा कमी. न लागणाऱ्या तोंडांना घट्ट बुचे लावावीत.

उच्च दाबाच्या बाजूला आयव्हीसाठीचा साधा थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) किंवा साधी एक्स्टेन्शन लाइन कधीही वापरू नये. अशा थ्री-वेला काही बारच्या वर दाब आला की तो गळतो किंवा निखळतो. इंजेक्टरच्या बाजूच्या प्रत्येक तुकड्यावर त्याची पीएसआय मर्यादा छापलेली असते. ती वाचावी, आणि सर्वांत दुबळ्या तुकड्याची मर्यादा हीच पूर्ण लाइनची मर्यादा धरावी. नुसत्या दाबून बसवलेल्या सांध्यांपेक्षा फिरवून घट्ट होणारे ल्युअर लॉक सांधेच घ्यावेत, मात्र पकडीने आवळू नयेत. आवळल्याने प्लास्टिकला केसासारखी चीर जाते आणि ती पहिल्याच जोरदार इंजेक्शनला उघडते.

भरताना बॅग न फुगवता, गुरुत्वाने, संथपणे सलाइन सोडावे. थ्री-वेच्या प्रत्येक तोंडाशी अडकलेला बुडबुडा टिचकी मारून बाहेर काढावा, कारण उरलेला बुडबुडा लहरही मंदावतो आणि इंजेक्शनबरोबर रुग्णाच्या धमनीतही जाऊ शकतो.

पायरी ५: थ्री-वे फिरवण्याचा क्रम

हाताने चालवायच्या मॅनिफोल्डमध्ये सेन्सरची सुरक्षितता एका मुठीवर अवलंबून असते. मुठीची खूण कोणती, हे आधी तपासावे. काही थ्री-वेंवर ‘ऑफ’ असे लिहिलेला दांडा ज्या बाजूला वळलेला असतो ती बाजू बंद असते; तर काहींवरचे दांडे उघड्या बाजू दाखवतात. पुरवठादार बदलला की एकाच विभागात दोन्ही प्रकार येतात आणि सवयीचा हात चुकीच्या दिशेने वळतो. शक्य असेल तर विभागात एकच प्रकार ठेवावा. मूठ अर्ध्यावर, ४५ अंशांत सोडली तर बहुतेक थ्री-वेंमध्ये तिन्ही वाटा बंद होतात. पण हे ‘जवळजवळ बंद’ असणे सेन्सरसाठी भरवशाचे नाही, म्हणून मूठ पूर्ण वळल्याशिवाय हात काढू नये.

क्रम असा ठेवावा. आधी लहर पाहावी: दाब एकदम उतरलेला किंवा लहर सपाट झालेली असेल, तर कॅथेटरचे टोक अडकलेले असू शकते, आणि अशा स्थितीत इंजेक्शन देणे रुग्णासाठी धोक्याचे असते. त्यानंतर ट्रान्सड्यूसरची बाजू बंद करावी आणि मॉनिटरवरची लहर थांबल्याची खात्री डोळ्यांनी करावी. मूठ वळली, पण लहर चालूच राहिली, तर काहीतरी चुकले आहे असे समजून तिथेच थांबावे. पडद्यावरची ही थांबलेली लहर म्हणजे आपल्याला फुकट मिळालेला पुरावा आहे, आणि घाईत तोच पाहायचा राहतो. मग डाय द्यावा. इंजेक्शन संपल्यावर सिरिंजवरचा जोर पूर्ण काढावा, क्षणभर थांबावे आणि त्यानंतरच ट्रान्सड्यूसरची बाजू उघडावी. उघडण्याची घाई बंद करायला विसरण्याइतकीच महाग पडते, कारण लाइनमध्ये अडकलेला दाब एकदम सेन्सरवर सुटतो.

टेबलावर दोघे असतील तर तोंडी देवघेव ठरवून घ्यावी. ऑपरेटरने ‘ट्रान्सड्यूसर ऑफ?’ विचारावे आणि टेक्निशियनने लहर पाहून ‘ऑफ’ म्हणावे. नुसती मान हलवणे चालणार नाही. सुरुवातीला हे नाटकी वाटते, पण दिवसाच्या शेवटच्या केसमध्ये, सगळे थकलेले असताना, उपयोगी पडते ते हेच.

पायरी ६: आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह

इंजेक्टरसोबत काम करायचे असेल तर माणसाच्या हातापेक्षा दाब-विलगक व्हॉल्व्ह अधिक भरवशाचा. अशा व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगने मागे धरलेला दट्ट्या किंवा लवचीक चकती असते. विश्रांतीच्या स्थितीत कॅथेटर आणि सेन्सर यांची वाट उघडी असते व लहर दिसत राहते. इंजेक्टरचा दाब ठरावीक पातळीच्या वर गेला की तोच दाब दट्ट्याला ढकलतो, सेन्सरची वाट बंद होते आणि डाय फक्त कॅथेटरकडे जातो. दाब ओसरला की स्प्रिंग दट्ट्याला मागे आणते आणि लहर परत येते. म्हणजे ज्या दाबाने सेन्सर फुटायचा, त्याच दाबाकडून सेन्सरचे दार बंद करून घेतले जाते.

व्हॉल्व्ह निवडताना तो कोणत्या दाबाला बंद होतो, हा आकडा पाहावा. तो रुग्णाच्या जास्तीत जास्त दाबाहून आणि फास्ट फ्लशच्या ३०० मिमी पाऱ्याहून स्पष्टपणे वर हवा, नाहीतर फ्लश करतानाच वाट बंद होईल. आणि सेन्सरच्या ४,००० च्या मर्यादेपेक्षा पुष्कळ खाली हवा, कारण दट्ट्या सरकायलाही काही क्षण लागतात आणि तेवढ्यात दाब चढतच असतो. या क्षणांसाठी इंजेक्टरवरची ‘राइज टाइम’ची सेटिंग मदतीला येते. प्रवाह एकदम पूर्ण न सोडता ०.३ ते ०.५ सेकंदांत चढवत नेला, तर व्हॉल्व्हला बंद व्हायला सवड मिळते आणि कॅथेटरचे टोकही उसळत नाही.

लवचीक भाग असलेला कोणताही व्हॉल्व्ह लाइनला थोडी मऊ करतो आणि तिची नैसर्गिक वारंवारता खाली आणतो. म्हणून बसवल्यावर फास्ट फ्लश चाचणी करावी. फ्लश सोडून झटकन थांबवल्यावर उमटणाऱ्या आंदोलनांच्या दोन शेजारच्या शिखरांतले अंतर मोजावे. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिमी असेल आणि अंतर १ मिमी असेल, तर वारंवारता २५ हर्ट्झ. लहर एकही हेलकावा न घेता आळसटल्यासारखी खाली येत असेल, तर बुडबुडा किंवा व्हॉल्व्ह यांपैकी एक दोषी आहे.

पायरी ७: मुळात दाबच कमी ठेवा

डायचा घट्टपणा तापमानावर फार अवलंबून असतो. दर मिलीत ३५० मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या आयोहेक्सॉल या डायची श्यानता २० अंश सेल्सिअसला सुमारे २० सेंटिपॉइज असते, तर ३७ अंशांना ती निम्म्यावर येते. वातानुकूलित कॅथलॅबमधल्या थंडगार बाटलीऐवजी वॉर्मरमधली बाटली वापरली, तर त्याच प्रवाहासाठी लागणारा दाब पुष्कळ उतरतो. कॅथेटरच्या आतल्या त्रिज्येचा परिणाम तर तिच्या चौथ्या घाताने होतो. ६ फ्रेंचऐवजी ५ फ्रेंच (कॅथेटरच्या जाडीचे माप) घेतला की इंजेक्टरला किती जोर लावावा लागेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. इंजेक्टरवर कमाल दाबाची मर्यादा केसगणिक टाकावी. कोरोनरीसाठी आणि डाव्या जवनिकेच्या इंजेक्शनसाठी ती वेगवेगळी असते. आधीच्या केसची सेटिंग तशीच राहून गेली नाही ना, हे पाहूनच सिरिंज आर्म (इंजेक्शनसाठी सज्ज) करावी.

पायरी ८: सेन्सरला धक्का बसल्याचा संशय आला तर

ट्रान्सड्यूसर उघडा असताना इंजेक्शन गेले, अशी नुसती शंका असली तरी झिरो करून पुढे जाऊ नये. झिरो केल्याने फक्त शून्याची चूक झाकली जाते. शंभराला सेन्सर किती दाखवतो, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पाण्याच्या स्तंभाची साधी चाचणी आहे, आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. सेन्सर रुग्णापासून वेगळा करून झिरो करावा. सलाइनने भरलेल्या निर्जंतुक लाइनचे मोकळे टोक सेन्सरच्या पातळीपासून मोजपट्टीने ६८ सेंमी उंच धरावे. मॉनिटरवर ५० मिमी पारा दिसायला हवा. १३६ सेंमीवर १०० दिसायला हवेत. टोक परत खाली आणल्यावर आकडा पुन्हा शून्यावर यायला हवा, आणि पाच मिनिटे तसेच ठेवले तरी तिथेच थांबायला हवा. दोन मिमीहून जास्त फरक पडला, आकडा सरकत राहिला किंवा वर जाताना आणि खाली येताना वेगळा आला, तर तो सेन्सर टाकून द्यावा. पण केस चालू असेल तर या चाचणीत वेळ घालवू नये, सरळ नवा संच लावावा. आवरणावर चीर, सांध्याशी ओल किंवा केबलच्या तोंडात सलाइन दिसले तर चाचणीचा प्रश्नच येत नाही. द्रव विद्युत भागापर्यंत पोहोचलेला असू शकतो.

आपल्याकडे अनेक ठिकाणी एकदाच वापरायचे ट्रान्सड्यूसर ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक) करून पुन्हा वापरले जातात. त्यातल्या संसर्गाच्या धोक्याबद्दल बोलले जाते, पण दाबाच्या इतिहासाबद्दल नाही. आधीच्या केसमध्ये या सेन्सरने काय सोसले, याची नोंद कुठेही नसते, आणि अर्धवट बिघडलेला सेन्सर बाहेरून नव्यासारखाच दिसतो. ज्या केसमध्ये ग्रेडियंट (दोन ठिकाणच्या दाबांतला फरक) किंवा एफएफआरवर निर्णय व्हायचा आहे, तिथे तरी नवा संच उघडावा. हा खर्च टाळण्यासारखा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिघडलेला संच कचऱ्यात टाकण्याआधी त्याच्या पाकिटावरचा लॉट नंबर, इंजेक्टरची त्या वेळची सेटिंग आणि जोडणीचा मोबाइलवर काढलेला फोटो विभागाच्या नोंदवहीत ठेवावा. क्रम पाळूनही सेन्सर फुटला असेल किंवा व्हॉल्व्ह वेळेवर बंद झाला नसेल, तर तो संच स्वतंत्र पिशवीत जपून बायोमेडिकल विभागाकडे द्यावा आणि भारतात २०१५ पासून चालू असलेल्या मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे त्याचा अहवाल पाठवावा.